नाशिकची थंडी, दिल्लीचा माळा

जानेवारीत निफाडचा पारा घसरला की मराठी वर्तमानपत्रांत बातमी ठरलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमान इतके इतके अंश, द्राक्ष बागायतदार हवालदिल! सोबत पहाटे बागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो. हवालदिल होण्याचं कारण खरंच आहे. खाण्याच्या द्राक्षाला कडाक्याची थंडी मानवत नाही. मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, निर्यातीचा माल हातचा जातो. पण त्याच शिवारात, बांधापलीकडे, वाइनची द्राक्षं लावलेला एखादा शेतकरी असतो. थंडी अगदीच हाताबाहेर गेली नाही, तर तो खुशीत असतो. त्याला टपोरा मणी नकोच असतो. त्याला हवा असतो बारीक, जाड सालीचा, गोड झालेला आणि तरीही आंबटपणा न सोडलेला मणी. तो आंबटपणा राखते रात्रीची थंडी.

कसा, ते सांगते. दिवसा उन्हात वेलीची पानं साखर तयार करतात आणि ती मण्यात साठते. मण्यात आधीपासून असतं आम्ल. त्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदात असतं तेच, वेल स्वतःच्या श्वसनासाठी खर्च करत राहते. रात्र उकाड्याची असेल तर हा खर्च भराभर होतो, रात्र गार असेल तर सावकाश. त्यामुळे तापलेल्या मुलखात साखर पुरेशी येईपर्यंत आंबटपणा संपून जातो. त्या द्राक्षांची वाइन कडक होते, पण चवीला बसलेली. लिंबू पिळायचं राहून गेलेल्या सरबतासारखी! गोडी आहे, पण जीव नाही.

म्हणून जगातले वाइनवाले थंडीच्या मागे लागलेले असतात. युरोपला ती आयती मिळते, कारण तो उत्तरेला आहे. वाइनची बहुतेक नामांकित गावं 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. आपलं नाशिक 20 अंशांवर, मक्का आणि हनोईच्या ओळीत. अक्षांश तर बदलता येत नाही. मग उंची गाठायची. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. अर्जेंटिनातल्या साल्टा प्रांतात 1700 मीटरवर मळे आहेत, काही तर 3000च्याही वर. चीनच्या युनान प्रांतात हिमालयाच्या शेपटाशी 2200 मीटरवर द्राक्षं पिकतात. त्या मानाने नाशिकचं पठार 600 मीटरच्या आसपास आणि बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याचे मळे 900च्या आसपास. म्हणजे आपण डोंगरावर नाही, ओट्यावर बसलोय!

तुम्ही म्हणाल, मग महाबळेश्वरला का नाही लावत द्राक्षं? ते तर 1300 मीटरच्या वर आहे. लावा की! जून ते सप्टेंबर तिथे जो पाऊस कोसळतो, त्यात केवडा आणि करपा वेलीवर पान ठेवणार नाहीत. नुसती उंची पुरत नाही, कोरडी हवाही लागते.

इथे मराठी शेतकऱ्याची हुशारी कामाला आली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, उन्हाळ्यात फळते आणि शरदात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. मग तिला कात्रीने वळण लावायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पुढच्या काड्या तयार करण्यासाठी. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. त्यानंतर आलेले घड पिकतात ते थेट थंडीत, आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तोडणी होते. उंचीने जे दिलं नाही, ते ऋतू फिरवून मिळवलं. जगाचा शरद आपण माघ-फाल्गुनात आणून बसवला. नाशिकच्या वाइनला थंड प्रदेशाची म्हणता येईल का, यावर जाणकार वाद घालतील. मी म्हणेन, ती थंड प्रदेशाची नाही, थंड महिन्यांची आहे.

उंच आणि खरोखर थंड अशा जागीही आपल्या देशात वाइन झाली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात महाराजा रणबीरसिंहांच्या राजवटीत काश्मीरला थेट बोर्डोहून वेली आणल्या गेल्या. दल सरोवराच्या काठी गुपकारला वाइन बनू लागली. मग 1890च्या सुमारास फायलोक्सेरा नावाच्या मुळं कुरतडणाऱ्या किडीने तो खेळ मोडला. ती कीड तेव्हा युरोपलाही रडवत होतीच. आज दिल्लीकराला डोंगरातली वाइन म्हणून सहज मिळते ती हिमाचलची, आणि ती बहुधा द्राक्षाची नसून सफरचंदाची वा इतर फळांची असते. सोलनजवळच्या नौणीच्या बागायती विद्यापीठात या फळांच्या वाइनवर वर्षानुवर्षं काम झालंय.

आता चवीकडे येऊ. यंदा जानेवारीत मयूर विहारच्या आमच्या घरी एका रविवारी दुपारी पाच जणांना बसवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काका-काकू, मूळ जळगावच्या वहिनी, आम्ही सगळे ज्यांना भाईसाहब म्हणतो ते पंजाबी शेजारी, आणि आमचे हे. दिल्लीत कायद्याने वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात. इथे सगळ्यात तरुण वहिनी, त्याही दोन मुलांच्या आई! मी फक्त वाढपी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर नुसते आकडे. कंपन्यांची नावं इथे देत नाही. पाच जणांच्या एका दुपारच्या लहरीवर कुणाच्या दाराला तोरण बांधायचं नाही आणि कुणाला बट्टाही लावायचा नाही.

काकूंनी आल्याआल्या जाहीर केलं, ‘मी तोंडात घेणार नाही. वास मात्र घेईन.’ म्हटलं, उत्तम! चव पारखणाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम नाकच करतं. आणि बाकीच्यांनीही गिळायलाच हवं असं नाही. धंदेवाईक परीक्षक घोट तोंडात खेळवून चक्क थुंकून टाकतात, चहाचे परीक्षक टाकतात तसाच. दिवसाला साठ-सत्तर वाइन चाखणारा माणूस गिळू लागला तर दहाव्या पेल्याला आडवा होईल. शिवाय वाइनमध्ये बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतंच. थोडी वाइन हृदयाला चांगली, हे जे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, त्याला आता आधार राहिलेला नाही. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023मध्ये स्पष्टच सांगितलं. म्हणून टेबलाखाली स्टीलचा डबा ठेवला होता. भाईसाहब आधी संकोचले. मी म्हटलं, पानाची पिचकारी जिन्यात मारताना दिल्लीत कुणी संकोचतं का?

गुणांची रीत घरगुती. एकूण 20. रंगाला 2, वासाला 6, चवीला 8 आणि घोट संपल्यावर तोंडात काय उरतं त्याला 4. पेला तिसरा हिस्सा भरायचा, हलकेच गोल फिरवायचा, नाक खुपसायचं, मग छोटा घोट. मी सगळ्यांना सांगितलं, पुस्तकी शब्द वापरू नका. आपल्या जिभेकडे शब्दांची काय कमी आहे? लाल वाइनमधलं टॅनिन म्हणजे काय, हे परक्या भाषेत समजावताना चहा, चामडं, कोरडेपणा अशी कसरत करावी लागते. आपल्याकडे एक शब्द पुरतो, तुरट. आवळा खाल्लेल्या, जांभळाने जीभ रंगवलेल्या माणसाला टॅनिन शिकवायची गरज नाही. आंबटातही आपण भेद जाणतो. चिंचेचा आंबट वेगळा, कोकमाचा वेगळा, कैरीचा वेगळा. चांगल्या गार रात्रींच्या पांढऱ्या वाइनचा आंबटपणा कैरीकडे झुकतो. तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास हवासा वाटतो.

पहिली बाटली नाशिकच्या शेनिन ब्लाँची. किंचित गोडसर, पिकल्या पेरूच्या वासाची. सगळ्यांना आवडली, भारावून कुणीच गेलं नाही. सरासरी साडेबारा. दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ, तीही नाशिकचीच. काकूंनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर चिरलेली सिमला मिरची!’ त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये आणि हिरव्या सिमला मिरचीत एकाच कुळातली गंधद्रव्यं असतात आणि फळ गार हवेत पिकलं की ती जास्त टिकतात. हिला सरासरी 14. हिमाचलच्या सफरचंदाच्या वाइनला 11, त्यातही ह्यांनी एकट्याने 15 दिले. माणसाला सिमल्याचा मधुचंद्र आठवला असावा. शिराझ ही लाल वाइन आली तेव्हा काका म्हणाले, ‘काळी मिरी.’ बरोब्बर! रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीला मिरीचा वास देतं, तेच शिराझमध्ये असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008मध्ये दाखवून दिलं. गार जागच्या द्राक्षात ते अधिक सापडतं. म्हणजे थंडी फक्त आंबटात नाही, वासातही उतरते.

एक खोडी मी मुद्दाम केली होती. शिराझ एकाच बाटलीतून दोनदा वाढली, चौथी म्हणून आणि सहावी म्हणून. भाईसाहबांनी चौथीला 16 दिले, सहावीला 9! वहिनी 13 वरून 10वर आल्या. ह्यांनी 11चे 14 केले. वासापुरते गुण देणाऱ्या काकूंचंही एकदा पाच, एकदा तीन. दोन्ही वेळा जवळपास तेच गुण दिले ते एकट्या काकांनी. आयुष्यभर सरकारी टिपणं तपासल्याचा परिणाम, दुसरं काय!

हसू नका. मोठमोठ्यांची हीच गत आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन नावाच्या वाइन बनवणाऱ्या माणसाने हाच डाव परीक्षकांवर टाकला. एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा पुढे ठेवली. 2008मध्ये त्याने निष्कर्ष छापले. आपला निकाल तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीवर ठेवू शकलेले परीक्षक होते दहांत एक! त्याआधी 2001मध्ये फ्रान्समध्ये फ्रेडरिक ब्रोशे यांनी पांढऱ्या वाइनला चव नसलेला लाल रंग देऊन ती वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी लाल वाइनची वर्णनं लिहून काढली. आणि 24 मे 1976ची पॅरिसची ती प्रसिद्ध परीक्षा! स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदाराने फ्रान्सच्या नामांकित परीक्षकांपुढे नावं झाकून वाइन ठेवल्या, आणि पांढऱ्यांत व लालांत दोन्हीकडे पहिली आली कॅलिफोर्निया. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. नाव झाकलं की भल्याभल्यांची जीभ प्रामाणिक होते.

तेव्हा बाटलीच्या गळ्यात ‘90 गुण’ अशी चिठ्ठी लटकलेली दिसली तर ती लग्नपत्रिकेवरच्या पदव्यांइतकीच मनावर घ्या. 88 आणि 90 यांत फरक करणारी जीभ फार थोड्यांना लाभते, तीही रोज नसते. मग गुण द्यायचेच कशाला? यासाठी, की मोठा फरक सगळ्यांना कळतो. आमच्या पाचव्या बाटलीने ते दाखवलं.

पाचवी बाटली म्हणजे दुसरीची सख्खी बहीण. तीच सोव्हिन्यों ब्लाँ, तेच साल, तीच पेटी. वहिनींना आदल्या वर्षीच्या दिवाळीत दोन बाटल्यांचा जोड भेट आला होता. एक फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात गेली, दुसरी जागा नाही म्हणून माळ्यावर. ती चौदा महिने तिथेच होती. मधे दिल्लीचा मे-जून, 45 अंश, वरच्या मजल्याचं घर आणि छताला लागून माळा. ही गोष्ट कळल्यावरच मला या रविवारची कल्पना सुचली. पेल्यात ओतली तेव्हा रंग चहाच्या फिक्या पाण्यासारखा. काकूंनी वास घेतला आणि पेला लांब धरला. ‘लागलेला मोरावळा आहे हा.’ चवीत आंबटपणा होता, पण कैरीचा नाही, शिळ्या ताकाचा. पाचही जणांनी तिला सगळ्यात कमी गुण दिले. सरासरी सहा. या एका मुद्द्यावर कुणाचं दुमत नव्हतं, भाईसाहबांचंही नाही.

वर्तमानपत्राचा कागद काढून मी दोन्ही लेबलं शेजारीशेजारी ठेवली तेव्हा वहिनी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी ही आधी उघडली असती, तर म्हटलं असतं, आपल्याकडच्या वाइनला काही दम नाही.’

मला हीच बोच आहे. नाशिकच्या शेतकऱ्याने ऋतू उलटा फिरवून, पहाटेच्या अंधारात घड तोडून, कारखान्यात स्टीलच्या टाक्या गार ठेवून जी थंडी जपली, ती 1300-1400 किलोमीटर प्रवास करून दिल्लीत येते आणि एका उन्हाळ्यात संपते. ट्रकमध्ये, गोदामात, दुकानाच्या उन्हं येणाऱ्या काचेत, नाहीतर आपल्या घरच्या माळ्यावर. गिऱ्हाइकाला हे कळत नाही. तो फक्त ‘देशी वाइन नको’ एवढंच म्हणतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या देशाची बाटली उचलतो. खरं तर ती आणखी लांबून, आणखी उन्हं खात आलेली असू शकते!

त्या एका ‘नको’ची किंमत कोण मोजतं, तेही पाहा. खाण्याच्या द्राक्षाचा सौदा फिसकटला तर निदान स्थानिक बाजार असतो, बेदाणा करता येतो. शिराझ किंवा सोव्हिन्यों कुणी टोपलीत घेऊन विकायला बसेल का? बारीक, बियांची, जाड सालीची ती द्राक्षं कारखान्याने उचलली नाहीत तर कुणी उचलत नाही. महाराष्ट्राने 2001मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले, करात सवलती मिळाल्या. त्याआधी 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फेसाळती वाइन बनवून परदेशात पाठवली होती, आणि 2000 साली राजीव सामंतांच्या सुला कंपनीची पहिली वाइन नाशिकहून बाजारात आली. ही यशं बघून कितीतरी शेतकऱ्यांनी कर्ज काढून वेली लावल्या, काहींनी स्वतःचे छोटे कारखाने काढले. वेल लावल्यापासून नीट पीक हाती यायला तीनेक वर्षं जातात. पीक हाताशी आलं आणि 2008ची मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांतच राहिली. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक भागात वाइनच्या द्राक्षांचा उठाव थांबला, अनेक छोटे कारखाने बंद पडले आणि शेतकऱ्यांनी उभ्या वेली उपटून टाकल्या. चौगुल्यांची इंडेज कंपनीही कर्जात बुडाली.

तगले ते नव्याने उभे राहिले. यात दिल्लीचाही वाटा आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतले सेक्की अशा तीन घरच्या भावाभावांनी मिळून सोलापूर जिल्ह्यात वाइन काढली आणि नावच ठेवलं फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. विक्रीचा प्रश्न मात्र अजून अडकलेला. जानेवारी 2022मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तर गदारोळ उठला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. विरोध करणाऱ्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या घराने दारू पाहिली आहे त्याला वाइन आणि दारू यांतला फरक समजावू नये. पण द्राक्षाच्या नावाने शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या आणि द्राक्षाच्याच नावाने संस्कृती बुडाल्याची हाकाटी करणाऱ्या, दोन्ही बाजूंना ती वेल उपटणारा माणूस फारसा आठवत नव्हता.

दिल्लीत, गुरुग्रामला, नोएडाला कुणी बाटली घेणारच असेल, तर चार गोष्टी पाहाव्या. लेबलवर द्राक्षाचं साल असतं ते वाचा. आपल्याकडची पांढरी किंवा गुलाबी वाइन ताजी प्यायची, एक-दोन वर्षांत. ‘जुनी तितकी चांगली’ हे सगळ्याच वाइनना लागू नाही. पांढरी बाटली उजेडाकडे धरा. पिवळट-हिरवट हवी, तपकिरी झाक आली असेल तर खाली ठेवा. दुकानाच्या दर्शनी काचेतली कधीच घेऊ नका, मागच्या पेटीतली मागा, आणि एप्रिल ते ऑगस्ट शक्यतो घेऊच नका. दिवाळीनंतर घ्या.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा आहे, 16 ते 18 अंशांच्या. दिल्लीची खोली तशी असते डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, पाहुणे हसले तरी. तिखट रश्श्याबरोबर तुरट लाल वाइन देऊ नका, तिखटाचा जाळ दुप्पट होतो. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी यांच्याजवळ मात्र आंबटसर पांढरी छान बसते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. फ्रिजच्या डोक्यावर मात्र ठेवू नका, तिथे मोटरची ऊब लागते. भाजीचा कप्पा सगळ्यात चांगला. शेवग्याच्या शेंगांना थोडं सरकावं लागेल, इतकंच.